एकच 'ब्रॉटन', अर्थ किती? इंग्लंडमधल्या गावांच्या नावांविषयी

ओढ्याकाठी
विमानांची आवड असणाऱ्यांना ब्रॉटन हे नाव माहीत असतं. एअरबसचे पंख तिथे बनतात. ते ब्रॉटन वेल्समध्ये, चेस्टर शहराला लागून आहे. पण नकाशात नाव शोधायला गेलं तर बकिंगहॅमशर, लिंकनशर, हॅम्पशर, नॉर्दॅम्प्टनशर, यॉर्कशर, कंब्रिया असं जिथे तिथे एक ब्रॉटन सापडतं.

बहुतेक ठिकाणी एकच अर्थ दिलेला दिसतो: ब्रुक म्हणजे ओढा, टन म्हणजे वाडी, म्हणून 'ओढ्याकाठची वाडी'. आपल्याकडे निमगाव म्हटलं की निंब आलाच, पिंपळगाव म्हटलं की पिंपळ. तसंच हेही आहे का? सगळी ब्रॉटनं ओढ्याचीच? नसतील तर कुठलं कशाचं हे ओळखायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पाठभेद
नाही, सगळी ओढ्याची नाहीत. ब्रॉटन हा तर या विषयातला नमुन्याचा दाखला आहे. जुन्या इंग्रजीतले तीन वेगळे शब्द त्याच्या पोटात आहेत.

पहिला 'ब्रोक', म्हणजे ओढा. बकिंगहॅमशरमधलं ब्रॉटन (आता ते मिल्टन कीन्स शहरात गेलंय) आणि कंब्रियातलं ब्रॉटन-इन-फर्नेस या गटातली. तुमचं एअरबसवालंही यातच.

दुसरा 'बुर्ह', म्हणजे तटबंदी केलेली जागा, आपल्या गढीसारखी. नॉर्दॅम्प्टनशरमधलं ब्रॉटन या शब्दाचं. 1086च्या डूम्सडे नोंदवहीत (राजाने करवलेली गावोगावची पाहणी) ते 'बुर्टोने' असं आहे.

तिसरा 'बेओर्ग', म्हणजे गोलसर टेकाड किंवा पुरातन थडग्याचा उंचवटा. लिंकनशरमध्ये ब्रिग गावाजवळचं ब्रॉटन यातलं. डूम्सडेत 'बेर्टोने'.

त्याच लिंकनशरमध्ये ब्रँट ब्रॉटन नावाचं आणखी एक गाव आहे. ते टेकाडाचं नाही, गढीचं. डूम्सडेत 'बुर्टुने'. ब्रँट म्हणजे जळालेलं. एका परगण्यात दोन ब्रॉटनं आणि दोघांचे अर्थ निराळे. शिवाय ब्रँट ब्रॉटनचा स्थानिक उच्चार 'ब्रूटन' असा आहे, त्यामुळे कानावर विसंबूनही भागत नाही.

नावातल्या 'टन'चं जुनं रूप 'टून', त्याचा मूळ अर्थ कुंपण. मग कुंपणातलं शेतघर, मग वाडी, मग गाव. आपला वाडा आणि वाडी हे शब्दसुद्धा संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, यावरूनच आले. 'वाडी' हे भाषांतर त्यामुळे चपखल बसतं.

सांजवारा
पण ब्रोक, बुर्ह आणि बेओर्ग हे तीन शब्द ऐकायला इतके वेगळे आहेत. तिघांचं एकच ब्रॉटन झालं कसं?

घोषवर्ण
@सांजवारा, यात सगळी करामत एका घशातल्या आवाजाची आहे. स्कॉटिश लोक तळ्याला 'लॉख' म्हणतात, त्यातला घासून येणारा 'ख'. जुन्या आणि मध्ययुगीन इंग्रजीत हा आवाज सर्रास होता. आता तिघांची वाट पाहा.

'ब्रोक-टून': क आणि ट शेजारी आले. जोडाक्षर पटपट म्हणताना क घासला गेला आणि 'ब्रोख्टन' झालं.

'बुर्ह-टून': इथे तो घासणारा ख शब्दाच्या शेवटी आधीच होता. फक्त र आणि स्वर यांनी जागा बदलल्या. 'बुर्ख'चं 'ब्रुख' झालं. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तीच वर्णांची अदलाबदल.

'बेओर्ग-टून': शेवटचा ग ट-शेजारी कठोर होऊन ख झाला, र पुढे सरकला, स्वर ओ-कडे झुकला.

तिघेही 'ब्रोख्टन'च्या आसपास येऊन थांबले. लेखनिकांनी तो ख जी-एच या जोडीने लिहायला सुरुवात केली. पुढे इंग्रजीच्या बहुतेक बोलींतून हा आवाजच गेला, स्पेलिंगमध्ये त्याची खूण तेवढी उरली. 'डॉटर' आणि 'नाइट' यांतला जी-एच आज मुका आहे तो याच कारणाने.

आणि एअरबसच्या ब्रॉटनचं वेल्श नाव बघा: 'ब्रुख्दिन'. वेल्श लोकांनी नाव उचललं तेव्हा इंग्रजांच्या तोंडात तो ख जिवंत होता. इंग्रजांनी टाकून दिला, वेल्शांनी सांभाळला. गावाच्या पाटीवर दोन्ही नावं एकाखाली एक वाचली की सगळा इतिहास समोर येतो.

मुक्काम पोस्ट
फारच सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

म्हणजे कृती सोपी झाली. डूम्सडे उघडायचं, 1086चं स्पेलिंग बघायचं, ब्रो असेल तर ओढा, बुर असेल तर गढी, बेर असेल तर टेकाड. बरोबर ना?

पाठभेद
@मुक्काम पोस्ट, थांबा, इथेच सगळे घसरतात. डूम्सडे हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने 1085च्या नाताळात पाहणीचा हुकूम दिला आणि पुढच्या वर्षी 13,000 हून जास्त गावांची नोंद झाली. माहिती देणारे इंग्रज, लिहिणाऱ्यांवर छाप फ्रेंच-लॅटिन वळणाची. घशातला ख त्या वळणात नव्हता, मग कधी तो गाळला, कधी त्याजागी एस लिहिला. 'थ'चं ट किंवा ड झालं. क-साठी सी-एच लिहिण्याची पद्धत होती. म्हणून त्या वहीतलं 'चेर्चेबी' दिसलं तर वाचायचं 'केर्केबी', म्हणजे आजचं कर्कबी.

म्हणून एका स्पेलिंगवर निकाल द्यायचा नाही. निदान 1300 पर्यंतची सगळी रूपं तारखेसकट एकाखाली एक लिहायची. 1066 पूर्वीचं दानपत्र असेल तर ते सर्वांत मोलाचं. मग डूम्सडे. मग बाराव्या शतकापासून राजाच्या खजिन्याचे हिशोब म्हणजे पाइप रोल, जमिनीच्या तडजोडींचे कागद, फिरत्या न्यायालयांची दप्तरं.

यातही दोन खड्डे आहेत. एक म्हणजे दानपत्राची नक्कल. मूळ 900 सालचं, पण हाती असलेली प्रत मठात 1250 ला उतरवलेली. उतरवणाऱ्याने नाव आपल्या काळाच्या चालीने लिहिलं असेल, तर तो पुरावा 1250 चाच धरायचा. दुसरा म्हणजे लेखनिकाचा स्वतःचा अंदाज. ब्रँट ब्रॉटन तेराव्या शतकात 'ब्रेंडेब्रॉक्टन' असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे गढीच्या गावात ओढा शिरल्यासारखा दिसतो! तेवढाच कागद हाती लागला असता तर अर्थ साफ चुकला असता.

टाकीचे घाव
ब्रॉटनपेक्षा 'वॉल्टन' जास्त गुंतागुंतीचं आहे. त्याला चार बाप.

'वेआल्ह' म्हणजे परका, विशेषतः ब्रिटन, म्हणजे अँग्लो-सॅक्सन येण्याआधीचे रहिवासी. 'वेआल' म्हणजे भिंत. 'वेआल्ड' म्हणजे रान. आणि पश्चिम मिडलंड्सच्या बोलीत झऱ्याला 'वेल'ऐवजी 'वॅल' म्हणत, तो चौथा.

ओळखायची खूण बारीक आहे पण कामाची आहे. जुन्या रूपांत मध्ये सातत्याने ई असेल, 'वाले-टुने', तर तो 'वाला' या षष्ठी बहुवचनाचा अवशेष: ब्रिटनांची वाडी. लिव्हरपूलचं वॉल्टन, लँकशरचं वॉल्टन-ल-डेल, सरेतलं वॉल्टन-ऑन-टेम्स ही सगळी या गटातली. मध्ये डी टिकून असेल तर रान. दुहेरी एल असेल आणि जागेवर खरोखर जुना तट असेल तर भिंत. कंब्रियातलं वॉल्टन तर रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीलाच टेकलेलं आहे, तिथे शंकेला जागा नाही.

वेल्स, कॉर्नवॉलमधला 'वॉल', वॉलसी, इतकंच काय अक्रोडाचा 'वॉलनट' (परक्यांचं कवचफळ), सगळीकडे हाच वेआल्ह आहे.

नांगरट
@टाकीचे घाव, वेआल्हचा अर्थ गुलाम असाही होतो. वेसेक्सच्या (दक्षिणेतलं जुनं सॅक्सन राज्य) जुन्या लिखाणात तो त्या अर्थाने सापडतो. मग 'वॉल्टन' म्हणजे 'गुलामांची वाडी' का नाही?

टाकीचे घाव
@नांगरट, शंका रास्त आहे, आणि बराच काळ तज्ज्ञही तुमच्यासारखंच सावधपणे लिहीत. गावनावांचे अभ्यासक केनेथ कॅमेरन यांनी या शब्दाच्या गावनावांची एकत्र छाननी केली आणि 'ब्रिटन' या अर्थाकडे कौल दिला. मला तो पटतो. गुलाम हा अर्थ मुख्यतः दक्षिणेतला आणि उशिराचा, तर नावं दूरवर पसरलेली आहेत. शिवाय शेजाऱ्यांनी वस्तीला नाव देताना वेगळेपण हेरलं असणार. आजूबाजूला सगळे इंग्रजी बोलणारे आणि या एका वाडीत अजून ब्रिटनांची भाषा चालते, हे नाव पडायला पुरेसं कारण आहे. गुलाम तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या जमीनदारीत होते. जे सगळीकडे आहे त्यावरून एका गावाला नाव कशाला पडेल?

नांगरट
शेवटचा मुद्दा मान्य. तरी वेसेक्सच्या हद्दीतल्या गावांपुरता मी प्रश्न उघडाच ठेवतो.

नदीकाठचा
शेपटावरूनही फसगत होते. नॉटिंगहॅम आणि बकिंगहॅम, दोन्हींत 'हॅम' दिसतं. नॉटिंगहॅममधलं 'हाम' म्हणजे घर, वस्ती. बकिंगहॅममधलं 'हम्म' म्हणजे नदीच्या वळणाने वेढलेली किंवा पाणथळीने घेरलेली जमीन. चिपेनहॅम आणि ट्विकनहॅमही हम्मची. चिपेनहॅमचा नकाशा उघडा, एव्हन नदीने जुन्या गावाला तीन बाजूंनी मिठी मारलेली दिसेल.

डूम्सडे इथे अजिबात मदत करत नाही, दोन्हींना 'हॅम'च लिहितं. शोधायचं ते दानपत्रांत: दोन एम आणि शेवटी ई, म्हणजे 'हम्मे' किंवा 'होम्मे' असं रूप. ते मिळालं तर नदीचं वळण पक्कं.

सांजवारा
नॉटिंगहॅम मुळात 'स्नॉट' (आजच्या इंग्रजीत शेंबूड!) नावाच्या माणसाच्या लोकांचं गाव होतं ना? आधीचा एस गळाला म्हणून नॉटिंगहॅमवाले सुटले!

नदीकाठचा
@सांजवारा, हो, डूम्सडेतही 'स्नोटिंगेहॅम' असंच आहे. एस-एन हे जोडाक्षर फ्रेंच वळणाच्या जिभेला जड, म्हणून पुढे एस गेला. शहरातल्या स्नेंटन या भागाने मात्र तो एस अजून जपलाय, तोही त्याच स्नॉटच्या लोकांचा.

बुद्रुककर
थोडं अवांतर. एकाच नावाची गावं वेगळी ओळखायची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत. फार्सी 'बुजुर्ग' म्हणजे मोठं, 'खुर्द' म्हणजे लहान. दप्तर फार्सीत, म्हणून शेपूटही फार्सी. इंग्लंडमध्ये दप्तर लॅटिनमध्ये, म्हणून तिथे 'मॅग्ना' (मोठं) आणि 'पार्वा' (लहान). बोलणाऱ्यांची भाषा एक, कारकुनाची दुसरी, आणि गावाच्या नावात दोघी कायमच्या नांदतात.

मालकाचं नाव जोडायची रीतही आहे. मिल्टन कीन्समधलं कीन्स हे केन्य नावाच्या नॉर्मन घराण्याचं. मिल्टन म्हणजे 'मिडल-टून', मधली वाडी.

मुक्काम पोस्ट
@बुद्रुककर, म्हणजे मराठीत 'मधलेवाडी केन्यकरांची'. शहर एकदम शेजारच्या तालुक्यातलं वाटायला लागलं. पण मिल्टन म्हणजे 'मिल'ची, गिरणीची वाडी असं वाचलं होतं, ते चूक?

पाठभेद
चूक नाही, अर्धं बरोबर आहे. बहुतेक मिल्टनं मधल्या वाडीची, काही थोडी, विशेषतः उत्तरेकडची, पाणचक्कीच्या वाडीची. जुन्या रूपात डी दिसला ('मिडेल-') तर मधली. एन दिसला ('मिल्न-') तर चक्की, कारण चक्कीचा जुना शब्द 'मिल्न'. एका अक्षराचा खेळ आहे.

हिंटनचंही असंच. एक 'उंचावरची वाडी', दुसरी 'मठवाल्यांची वाडी'. केंब्रिजजवळचं चेरी हिंटन मठवाल्यांचं.

कोपऱ्यातला
आणखी काही फसवी नावं, थोडक्यात:

केंटमधलं ॲशफर्ड म्हणजे ॲश झाडांच्या राईजवळचा उतार, नदी पायी ओलांडायची जागा. सरेतलं ॲशफर्ड 969 सालच्या दानपत्रात 'एचेलेसफोर्ड' आहे. त्याचा ॲश झाडाशी काडीचा संबंध नाही.

बर्टन म्हणजे सहसा गढीची वाडी. पण डॉर्सेटमधलं बर्टन ब्रॅडस्टॉक डूम्सडेत 'ब्रिडेटोने' आहे. ब्राइड नदीकाठची वाडी.

कर्बी म्हणजे सहसा चर्चचं गाव. पण लेस्टरशरमधलं कर्बी मक्सलो डूम्सडेत 'कार्बी' आहे, ते केरिर नावाच्या नॉर्स माणसाचं गाव. चर्चचं असतं तर 'चेर्चेबी' छापाचं रूप मिळालं असतं, ते मिळत नाही.

ग्रँटचेस्टरमध्ये चेस्टर दिसतं, म्हणून रोमन छावणी शोधायला जाऊ नका. जुनं रूप 'ग्रँटेसेटे', म्हणजे ग्रँटा नदीकाठी वसलेले लोक.

इझलिंग्टनमध्ये टन दिसतं, पण ते 'डून', टेकडी आहे: गिस्ला नावाच्या माणसाची टेकडी.

सांजवारा
ग्रँटा? पण केंब्रिजची नदी तर कॅम आहे ना?

कोपऱ्यातला
@सांजवारा, नदी मूळची ग्रँटाच. गाव 'ग्रँटेब्रिज'. नॉर्मन तोंडात त्याचं 'कँटेब्रिज' झालं, मग केंब्रिज. पुढे लोकांनी उलट हिशोब केला: गाव केंब्रिज, तर पुलाखालची नदी कॅम असणार. गावावरून नदीला नाव पडलं. अरुंडेलची अरुन आणि चेम्सफर्डची चेल्मर याही नद्या अशाच.

त्यामुळे 'नदीचं नाव अमुक, म्हणून गावाचं नाव तमुक' असं सांगताना आधी नदीच्या नावाचं वय तपासायचं.

वाटसरू
एक प्रामाणिक मतभेद. एवढे कागद कशाला? गावात जाऊन बघावं. ओढा असेल तर ओढ्याचं, टेकाड असेल तर टेकाडाचं. नाव ठेवणारे शेतकरी होते, डोळ्यांना दिसलं ते त्यांनी म्हटलं.

घोषवर्ण
@वाटसरू, जमीन बघायलाच हवी, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. गावनावांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी आयुष्यभर हेच काम केलं. जुन्या इंग्रजीत टेकडीला चाळीसेक शब्द होते आणि ते एकमेकांच्या जागी चालत नसत, हे त्यांनी दाखवलं. 'बेओर्ग' म्हणजे पालथ्या वाटीसारखं गोल टेकाड. 'डून' म्हणजे माथा सपाट आणि ऐसपैस, ज्यावर अख्खी वस्ती बसते. पाण्याचंही तेच: 'बुर्ना' म्हणजे खडीवरून वाहणारं स्वच्छ पाणी, 'ब्रोक' म्हणजे गढूळ, चिखलाच्या काठांचा ओढा.

पण क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग जमीन. इंग्लंडमध्ये ओढा नसलेलं गाव शोधायला कष्ट पडतील. ज्या गोष्टी सगळीकडेच असतात त्या नजरेने बघून काहीच सिद्ध होत नाही. कागदाने दोन शक्यता उरवल्या की त्यातली एक निवडायला जमीन कामी येते.

वाटसरू
हे पटलं. क्रम उलटा धरत होतो.

ओढ्याकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. यादीतलं हॅम्पशरचं ब्रॉटन राहिलं. नकाशात बघितलं तर गावातून वॉलप ब्रुक नावाचा ओढा वाहतो, नावातच ब्रुक! मग हे ओढ्याचंच असायला हवं. डूम्सडेत मात्र 'ब्रेस्टोने' आहे, आणि तो एस कशाचा ते कळेना.

पाठभेद
@ओढ्याकाठी, बरोबर जागी बोट ठेवलंत. तो एस म्हणजेच घशातला ख. वर लिहिलं तसं, ट-च्या आधी हा आवाज आला की फ्रेंच वळणाचा लेखनिक एस लिहून मोकळा होई. एसच्या जागी ख वाचा: 'ब्रेख्टोने'. आता स्वर बघा. ब्रोक असता तर ओ दिसला असता, बुर्ह असता तर उ. इथे ए आहे, म्हणजे बेओर्ग, फक्त र आणि ए यांची अदलाबदल होऊन. गाव टेकाडाचं आहे. ओढा गावातून वाहतो खरा, पण नाव त्याचं नाही.

ओढ्याकाठी
म्हणजे ओढा डोळ्यासमोर असूनही नाव टेकाडाचं! आता उरलेली ब्रॉटनं स्वतः तपासायची आहेत. सुरुवात कुठून करू?

पाठभेद
आधी परगणा आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग) पक्कं करा, नाहीतर शेजारच्या ब्रॉटनची रूपं तुमच्या यादीत शिरतील. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डूम्सडेचं रूप 'ओपन डूम्सडे' या संकेतस्थळावर मूळ पानाच्या छायाचित्रासह मिळतं. थोडक्यात अर्थ हवा तर नॉटिंगहॅम विद्यापीठाचा नकाशा आहे, 'की टू इंग्लिश प्लेस-नेम्स', तोही फुकट. सगळी रूपं तारखेसकट हवी असतील तर इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंड. सोसायटी 1923ची, आणि बकिंगहॅमशरचा खंड 1925मध्येच आला, तेव्हा तुमच्या मिल्टन कीन्सजवळच्या ब्रॉटनपासूनच सुरुवात करा.

यादी झाली की इथेच टाका. स्वरांचे रकाने वेगळे पाडा: ओ, उ, ए.

ओढ्याकाठी
टाकतो. यॉर्कशरपासून पुढची नवीन प्रतिसादात देईन.